गच्चीवरची ती बाई

“मॅडम, ही नोकरी मिळवताना तुम्ही किती खोटं बोललात?”

मी शाळेच्या सभागृहात, सगळ्यांसमोर विचारलं. मुख्याध्यापिकाबाईंच्या चेहऱ्याचा रंग त्यांच्या ओढणीसारखा जांभळा झाला. मागच्या रांगेत माझ्या मैत्रिणी जोमाना आणि मिरना एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हसत होत्या. पैज त्यांनीच लावली होती. पाहुण्या बाईंना हे तोंडावर विचारलं तर बंदरावरच्या गाडीवरची एक मोठी ताटली शिंपल्यातल्या तिसऱ्या, तिखट घालून, वर लिंबू पिळून, त्यांच्याकडून.

मागच्या वर्षापर्यंत मी वर्गात पाणी प्यायला जायची परवानगीसुद्धा शेजारणीकडून मागवायची. यंदा मला शाळेच्या सकाळच्या रेडिओवर बातम्या वाचायला उभं केलं आणि शोध लागला, की माझा आवाज पटांगणाच्या फाटकापर्यंत पोचतो. त्या दिवसापासून मला थांबवणं अवघड झालंय. बाबा म्हणतात, आमच्या पोर्ट सैदला आता जहाजांच्या भोंग्यांची गरज उरली नाही.

पाहुण्या बाईंचं नाव मिस शेरवेत. गावाबाहेर कपड्यांचा जो नवा कारखाना उभा राहिलाय, तिथे माणसं निवडायचं काम त्यांच्याकडे. त्या रागावल्या नाहीत. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“नाव काय तुझं?”

“शाहंदा लुत्फी.”

“तर शाहंदा, खोटं एकदाही नाही बोलले. पण खरं बोलायला शिकावं लागलं. पहिल्या मुलाखतीत मला विचारलं, स्वतःबद्दल सांगा. मी म्हणाले, मी मेहनती आहे, प्रामाणिक आहे. त्यांनी जांभई दिली. मेहनती तर गाढवही असतं.”

सगळ्या हसल्या. मुख्याध्यापिकाबाईसुद्धा.

“मग मला कळलं, गुण सांगायचे नाहीत, गोष्ट सांगायची. आपल्या आयुष्यात खरंच घडलेली. अडचण काय आली, आपण काय केलं, शेवटी काय झालं. लोक अडचण रंगवून सांगतात, शेवटही सांगतात, आणि मधला भाग गिळून टाकतात. आपण काय केलं, तो. नोकरी तर त्या मधल्या भागालाच मिळते.”

तिसऱ्यांची ताटली मी त्या दिवशी खाल्ली, पण चव आठवत नाही. कारण मिस शेरवेत जाता जाता म्हणाल्या होत्या, काज-बटणाच्या नव्या लाइनला सुपरवायझर हवी आहे, बाईच हवी, कुणाच्या ओळखीत असेल तर शनिवारी पाठवा. आणि माझ्या ओळखीत एक होती. ती घरी भाजीसाठी मोलोखियाची पानं खुडत बसली होती.

माझी आई इजलाल. माझ्या जन्माच्या आधीपासून ती एकाच कारखान्यात शिवत होती. मागच्या हिवाळ्यात मालक वारला, मुलांनी यंत्रं विकली आणि दाराला कुलूप लावलं. तेव्हापासून आई घरी बसून शेजारच्यांच्या विजारी आखूड करते. तक्रार नाही करत. फक्त सकाळी कारखान्यांच्या बस निघतात तेव्हा बाल्कनीत कपडे वाळत घालते. वाळलेले असले तरी घालते.

“आई, तू जायचंस!” दारातूनच ओरडले मी. “गच्चीची गोष्ट सांगायची आणि नोकरी तुझी!”

“कसली गच्ची?” आई म्हणाली, जणू तिला ठाऊकच नाही.

आमच्या आळीत लहान पोरांनाही ही गोष्ट पाठ आहे. परदेशात जायच्या मालाची शेवटची सकाळ, आणि वीज गेली. मालक डोकं धरून खुर्चीत. बायका घरी निघाल्या. तेव्हा आई म्हणाली, बटणाला वीज कुठे लागते? आणि सगळ्या बायकांना, खोक्यांना, सुईदोऱ्यांना घेऊन ती गच्चीवर गेली. उन्हात बसून, सुएझ कालव्यातून जाणारी जहाजं बघत, गाणी म्हणत त्यांनी बटणं हातानं लावली. माल वेळेवर गेला.

“गोष्टीनं काय होतं?” बाबा टॅक्सीची किल्ली खुंटीला लावत म्हणाले. “ओळख लागते, ओळख! माझ्या मावसभावाचा मेहुणा तिथे पहारेकरी आहे, त्याला विचारू?”

“बाबा, पहारेकऱ्याच्या ओळखीनं फाटकातून आत जाता येतं. ते तर उघडंच आहे.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. “ही आपलीच ना?”

त्या संध्याकाळपासून तालीम सुरू झाली. खालच्या मजल्यावरची बुसैना मावशी मुलाखत घ्यायला आली. ती आईच्या शेजारच्या मशीनवर बसायची. कारखाना बंद पडल्यावर ती कोंबडीच्या दुकानात पिसं काढायला लागली. हात कायम उकळत्या पाण्यात, म्हणून लाल. नवरा फार वर्षांपूर्वी बोटीवर गेला तो गेलाच. पण तिचं हसणं ऐकून जिन्यातली मांजरंसुद्धा पळतात. तिनं बाबांचा काळा चष्मा लावला आणि आमच्या दिवाणावर पाय पसरून बसली.

“हं, बाई. तुमच्यात असं विशेष काय?”

“काही नाही,” आई म्हणाली.

“काही नाही? मग आलात कशाला, चहा प्यायला?”

“आई, गच्ची!” मी.

“एकदा वीज गेली होती,” आई म्हणाली. “मग बटणं लावली गेली.”

“कुणी लावली?”

“हातांनी.”

बुसैना मावशी दिवाणावरून घसरली. मी मात्र केस उपटायची बाकी होते. आता यात आईचा दोष नाही. आमच्याकडे स्वतःचं कौतुक स्वतःच्या तोंडानं करत नाहीत, नजर लागते. चुकून “मी” म्हटलं तरी लगेच पुढे “या शब्दापासून अल्लाह वाचवो” जोडायचं. बाबा तर टॅक्सी धुवून आले तरी “गाडी धुतली गेली” म्हणतात. पण एवढं सगळं करून मुलाखत कशी द्यायची?

“म्हण, ‘मी सगळ्यांना गच्चीवर नेलं.’”

“मी, या शब्दापासून अल्लाह वाचवो, सगळ्यांना...” आई थांबली. “शाहंदा, लाज वाटते गं. त्या सगळ्या जणी होत्या. मी काय एकटीनं बटणं लावली?”

“अगं, पण नेलं कुणी?”

“जिन्यानं,” बुसैना मावशी म्हणाली आणि पुन्हा खिदळली.

शनिवारी मी आईबरोबर गेले. तिनं राखाडी झगा घातला होता, ईदचा. बुसैना मावशीनं नजर लागू नये म्हणून झग्याच्या आतल्या बाजूला निळा मणी टाचून दिला. कारखान्याच्या लांबलचक ओसरीत बऱ्याच बायका बसल्या होत्या. आई आत गेली, दार बंद झालं. दाराला वर काच होती. मी टाचा उंचावून बघितलं. आई बोलत होती! हात हलवून बोलत होती! एकदा तिनं वर छताकडे बोट दाखवलं, म्हणजे गच्ची आली. मिस शेरवेत पुढे वाकून ऐकत होत्या. शेजारच्या गृहस्थानं पेन खाली ठेवलं होतं. मी ओसरीतच दोन उड्या मारल्या. पहारेकऱ्यानं डोळे वटारले. बहुतेक बाबांच्या मावसभावाचा मेहुणा.

आई बाहेर आली ती गालावर लाली घेऊन. बसमध्ये ती चक्क गुणगुणत होती.

“सांगितलंस?”

“सगळं सांगितलं. तू शिकवलंस तसंच. अडचण, मग काय केलं, मग काय झालं. एकदाही अडखळले नाही.”

“आणि ‘मी’ म्हणालीस?”

आईनं खिडकीबाहेर बघितलं. “त्याच्याशिवायही जमलं की. मी म्हटलं, आमच्यात एक बाई होती, तिनं असं केलं. मग कसं भराभरा बोलता आलं!”

“एक बाई?”

“हो. तर त्या मॅडमना एवढी आवडली ती, म्हणाल्या, नाव काय तिचं? आता काय सांगणार? तोंडात आलं ते सांगितलं.”

“काय आलं तोंडात, आई?”

“बुसैना. फोन नंबरही तिचाच दिला.”

मी पुढच्या सीटवर डोकं आपटलं. समोरच्या आजोबांनी मागे वळून मला पुदिन्याची गोळी दिली.

पण माझी आशा एवढ्यात मरत नाही. मी स्वतःला सांगितलं, इतकं छान बोलली, तिलाच घेतील. दुसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी, आमचा आठवडा सुरू होतो तेव्हा, शाळेतून आले तर जिन्यात लाल सरबताचा वास! प्रत्येक मजल्यावर दारं उघडी, बायका हातात ग्लास घेऊन उभ्या. सरबत म्हणजे कुणाकडे तरी आनंदाची बातमी. मी दोन दोन पायऱ्या चढत वर धावले. आमच्या दारात बुसैना मावशी भलंमोठं तबक घेऊन उभी होती. तबकावर साऱ्या बिऱ्हाडांतून गोळा केलेले ग्लास, एकाचा दुसऱ्याला मेळ नाही.

“इजलाल! अगं, कारखान्यातून फोन आला! मला! मी अर्जसुद्धा केला नाही! ती मॅडम म्हणाली, तुमच्याबद्दल फार ऐकलंय, सुपरवायझरच्या जागेसाठी भेटायला या! माझी कीर्ती बघ कुठवर गेली! शेवटी तुमच्याकडे आले, म्हटलं तुमच्याकडे बसून पिऊ.”

आईनं ग्लास घेतला.

“मबरूक, बुसैना, अभिनंदन,” ती म्हणाली. “तुझं सोनं होवो.”

आणि ती सरबत प्यायली! संथपणे, शेवटपर्यंत. माझ्याच्यानं राहवलं नाही.

“मावशी, ती गच्चीची गोष्ट आहे! आईनं स्वतःची गोष्ट तुझ्या नावानं सांगितली!”

“शाहंदा!” आईचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता.

बुसैना मावशीनं आधी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. मग हळूच तबक जमिनीवर ठेवलं. आम्हाला वाटलं रडेल. तर ती हसायलाच लागली, पण तोंडाला ओढणी लावून, आवाज न करता. तिचं असं हसणं मी पहिल्यांदाच बघितलं.

“माझंच नाव सापडलं तुला, वेडे?”

“पहिलं तेच आलं,” आई म्हणाली. “ऐक. तू जा. मी मनापासून सांगते. तूही होतीस गच्चीवर. तुला बोलता येतं, मला येत नाही. आणि त्या उकळत्या पाण्यातून तुझे हात सुटतील.”

बुसैना मावशीनं आपल्या लाल हातांकडे बघितलं. तबक उचललं आणि खाली गेली.

त्या संध्याकाळी मी आईशी भांडले. मिस शेरवेतना फोन करते म्हटलं, तर आईनं माझ्याकडून शपथ घेतली की करणार नाही. बाबांना म्हटलं, तुम्ही तरी बोला. बाबा म्हणाले, “तुझ्या आईनं एकदा दिलेली वस्तू परत मागितल्याचं मी लग्नापासून बघितलं नाही. घेतलेली परतही करत नाही, म्हणून तर मी अजून इथे आहे.” आई हसली नाही.

मुलाखतीच्या दिवशी बुसैना मावशी दुपारी आली. हिरवा झगा, ओठांना रंग. दिवाणावर बसली, पण पाय पसरले नाहीत.

“कशी झाली?” आईनं विचारलं. ती मासे साफ करत होती.

“खुर्ची फार मऊ होती गं,” मावशी म्हणाली. “ती मॅडम म्हणाली, सांगा गच्चीची गोष्ट. मी जोरात सुरुवात केली. वीज गेली, मालक डोकं धरून बसला, बायकांनी पिशव्या उचलल्या. ती मॅडम पुढे सरकली. शेजारचा माणूस पुढे सरकला. आणि मी म्हणाले, ‘तेव्हा मी...’” ती थांबली. “आणि मला आठवलं, गच्चीवर मी खरं काय करत होते. ऊन लागतंय म्हणून पाण्याच्या टाकीच्या सावलीत जाऊन आडवी झाले होते! तू येऊन मला म्हशीसारखं हाकललंस. आठवतं?”

“आठवतं,” आई म्हणाली.

“तर मी तेच सांगितलं. म्हटलं, मॅडम, मी सावलीत झोपले होते. ती बाई म्हणजे इजलाल. शनिवारी याच खुर्चीत बसून गेली, राखाडी झगा, तिनं स्वतःचं नाव सोडून सगळं खरं सांगितलं. मला नका घेऊ, तिला बोलवा.” मावशी उठली. “बरं, जाते. लोकांचे ग्लास अजून माझ्याकडेच पडलेत. विसळून परत करते.”

आई काही म्हणेपर्यंत ती जिना उतरलीसुद्धा.

आणि फोन वाजला. आईचे हात खवल्यांनी भरलेले, म्हणून मीच उचलला आणि मोठ्या आवाजावर लावून तिच्यासमोर धरला. बाबा नुकतेच जेवायला आले होते, ते एक बूट पायात ठेवूनच उभे राहिले.

“इजलालबाई,” मिस शेरवेतचा आवाज. “एकच विचारायचंय. त्या दिवशी बायकांना गच्चीवर कुणी नेलं?”

नळ ठिबकत होता. आई फोनकडे बघत राहिली. मी ओठ हलवून सांगायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. या वेळी बातम्या मी वाचायच्या नव्हत्या.

“मी नेलं,” आई म्हणाली.

“सांगा ना.”

“मालकानं परवानगी दिली नव्हती.” आईचा आवाज आधी बारीक होता. “त्याला विचारलंच नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाला असता. पहिलं खोकं मी एकटीनं उचललं आणि जिना चढायला लागले. मागे कुणी येतंय का, ते बघायची हिंमत नव्हती. मला खूप भीती वाटत होती, मॅडम. कुणी आलं नसतं तर मी वर एकटी, हातात मालकाचा माल. चोर म्हटलं असतं. मग मागून एक पाऊल वाजलं. मग दुसरं. वळून बघितलं तर जिना भरलेला. मग मी कामं वाटून दिली. म्हाताऱ्यांच्या नजरा अधू, त्यांना दोरा कापायला बसवलं. ज्या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, त्यांना शेजारी बसवलं, म्हणजे चुरशीनं लावतील. आणि एक जण झोपली होती, तिला उठवलं.”

फोनमध्ये मिस शेरवेत हसल्या. माझे मात्र डोळे विस्फारले होते. पाठ असलेल्या गोष्टीत ते पहिलं खोकं कधी आलंच नव्हतं! ती भीतीसुद्धा नाही. आम्ही सगळे तिच्याकडून बटणं आणि गाणीच ऐकत आलो होतो. बाबांच्या हातातला बूट खाली पडला.

“रविवारी कामावर या,” मिस शेरवेत म्हणाल्या. “जागा तुमची. आणि पुढच्या महिन्यात आमची शिलाईची दुसरी लाइन सुरू होतेय, चांगल्या बायका असतील तर मुलाखतीला पाठवा.”

मी किंचाळले. बाबांनी आईचे हात धरले, खवल्यांसकट, आणि तिच्या कपाळाला ओठ लावले, माझ्यासमोर! आजवर असं कधी झालं नव्हतं. मी स्वयंपाकघरात गोल गोल फिरले, मिठाचं भांडं सांडलं, मांजर बाल्कनीत पळालं.

आणि आई म्हणाली, “मी नाही जाणार.”

“काय?” बाबा आणि मी एकदमच.

“तिनं आख्ख्या इमारतीत सरबत वाटलंय, लुत्फी. सगळ्यांनी तिला मबरूक म्हटलंय. आता मी कुठल्या तोंडानं तिच्यासमोरून बस पकडायला जाऊ? माझ्या एका शब्दानं तिची फजिती झाली.”

“जागा तुझीच होती,” बाबा म्हणाले.

“होती. मीच दिली ना तिला.”

मासे तसेच पडले होते. तेवढ्यात जिन्यातून काचेची किणकिण ऐकू आली. बुसैना मावशी तबक घेऊन दारोदारी फिरत होती. दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं.

“या, सुपरवायझरबाई! कधीपासून जायचंय?”

“माझं नाही हो काम,” मावशीचा आवाज. “माझ्या मैत्रिणीचं होतं. चुकून माझ्याकडे आलं. आज जाऊन सांगून आले. हा घ्या तुमचा ग्लास, धुतलाय.”

दार लागलं. चार पावलं. पुढचं दार.

“अगं बुसैना! मबरूक गं!”

“नाही, नाही, माझं नाही ते...”

पुन्हा तीच गोष्ट. पुन्हा पहिल्यापासून. आवाज खाली न आणता, कुणाला दोष न देता, आईचं नाव सांगून, प्रत्येक उंबऱ्यावर. आई हातातली सुरी ठेवून ऐकत होती. आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला, असा की मला जागेवर उभं राहता येईना. मऊ खुर्चीत बसलेली, कुणालाही कळलं नसतं तरी खरं बोलून उठलेली बाई! असा मधला भाग मिस शेरवेतनी तरी याआधी कधी ऐकला असेल का?

मी हात पुसले, ओढणी डोक्यावर ओढली आणि आईबाबांच्या समोर ताठ उभी राहिले.

“ऐका दोघंही. माझं ठरलंय. आई रविवारी कामावर जाणार, त्यावर चर्चा नाही. आणि पुढच्या महिन्यातल्या मुलाखतीसाठी बुसैना मावशीला मी तयार करणार. नवी गोष्ट शोधायला नको, ती आत्ता जिन्यात सांगतेय. मी खाली चाललेय, तबक धरायला.”